फ्रँकेंथॅलरची छापचित्रं

‘अमेरिकन अमूर्त चित्रकार हेलन फ्रँकेंथॅलरची छापचित्रं हा तिचा जोडधंदा, मूळ चित्रांच्या स्वस्त आवृत्त्या’ असं एक मत वाचलं, ते काही पटलं नाही. ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) या चित्रापासूनची तिची ओळख म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या कोऱ्या कॅनव्हासमध्ये मुरत जाणारा पातळ रंग. छापचित्रासाठी ज्याला रंग लावून कागदावर ठसा घेतात तो लाकडाचा ठोकळा याच्या अगदी उलटा, तिथे रंग वाहतच नाही! तरीही १९७३च्या ‘ईस्ट अँड बियाँड’ या छापचित्रासाठी तिने जिगसॉ करवतीने लाकडाचे वेगवेगळे आकार कापले आणि कडा हव्या तशा मऊ, वळणदार मिळवल्या. ही काही कॅनव्हासची नक्कल नव्हे.

आणि ‘मॅडम बटरफ्लाय’ (२०००) बघाच. केनेथ टायलर आणि यासुयुकी शिबाता या छपाईतल्या जाणकारांसोबत केलेलं, तीन कागदांवर पसरलेलं, सुमारे दोन मीटर रुंद वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं चित्र. ४६ ठोकळे, १०२ रंग! मी हौसेने तीन रंगांचं वुडकट केलं होतं. तिसरा ठसा जागेवर बसवेपर्यंत निम्मे कागद वाया गेले. इथे ४६ ठोकळे जुळवूनही चित्र आत्ताच कागदावर सांडल्यासारखं दिसतं, शिवाय लाकडाच्या रेषा त्यात राहू दिल्यात.