मदत हवी आहे: स्टिरिओ मॉनिटरवर थ्रीडी दिसतच नाही, सोमवारी टेस्ट आहे

सह्यकडा:
मंडळी जरा अर्जंट आहे. नवीन जॉब लागलाय, फोटोग्रामेट्री, म्हणजे विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायचे. चष्मा घालून मॉनिटरवर बघायचं आणि कर्सर बरोब्बर जमिनीवर नाहीतर छपरावर टेकवून रेघ मारायची. बाकीच्या पोरांना कर्सर तरंगताना दिसतो, मला सगळं सतरंजीसारखं सपाट. ट्रेनर म्हणतो सवयीने येईल, पण माझ्या सगळ्या उंच्या चुकतायत. कोणती सेटिंग बदलू? लवकर सांगा प्लीज.

कोतवाल:
चष्मा बॅटरीवाला की साधा पोलराइज्ड? नंबर आहे का? थेटरात थ्रीडी पिक्चर दिसतो का? काहीच न सांगता सेटिंग विचारताय, इथे ज्योतिषी बसलेत का?

सह्यकडा:
चार्जिंगवाला. मॉनिटर १२० हर्ट्झचा. नंबर आहे थोडा. पिक्चर पाहिलाय एकदा, जास्तीचे पैसे देऊन, मला वाटलं सगळ्यांना तसाच दिसत असेल.

जुगाडू_जोशी:
शटर चष्मा म्हणजे काचा आलटून पालटून बंद होतात, प्रत्येक डोळ्याला ६०. आधी एकेक डोळा मिटून बघ, दोन्ही वेळा स्वच्छ एकच चित्र दिसलं तर चष्मा ठीक, भुतासारखी दुसरी सावली दिसली तर सिंक, म्हणजे चष्मा-मॉनिटरचा ताळमेळ, गेलाय. आणि डावं-उजवं उलट लागलं असेल तर टेकडीचा खड्डा दिसतो, ते पण बघ. मी घरच्या थ्रीडी टीव्हीवर हे सगळं भोगलंय, आता तर कंपन्यांनी ते टीव्ही बनवणंच सोडलं, काय चित्र होतं राव.

सह्यकडा:
एकेका डोळ्याने स्वच्छ दिसतं. शेजारचा त्याच मशीनवर बसला तर त्याला थ्रीडी दिसतं.

निसर्गोपचार:
रोज पहाटे तुपाच्या दिव्यावर त्राटक करा आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. माझा स्वतःचा चष्मा सुटला.

दृष्टीआड:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासण्याचं काम करते. कृपा करून डोळ्यांत काही घालू नका. सह्यकडा, दोन प्रश्न. थ्रीडी बघताना डोकं दुखतं का, डबल दिसतं का? आणि लहानपणी तिरळेपणा, पट्टी, ऑपरेशन असं काही?

सह्यकडा:
डोकं अजिबात नाही दुखत, डबल पण नाही. उलट बाकीचेच कपाळ चोळत बसतात. ऑपरेशन झालंय तिरळेपणाचं, तिसरीत असताना, पण आता डोळे सरळ आहेत, त्याचा काय संबंध?

कोतवाल:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

दृष्टीआड:
बहुतेक तिथेच संबंध आहे. डोळे वेगवेगळ्या दिशेला बघत असतील तर डबल दिसू नये म्हणून लहान मुलाचा मेंदू एका डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. ऑपरेशनने डोळे सरळ होतात, पण दाबायची सवय तशीच राहू शकते. ज्यांचे डोळे जवळ बघताना नीट आत वळत नाहीत त्यांचं डोकं दुखतं, कारण त्यांचा मेंदू दोन चित्रं जुळवायला झटत असतो. तुमचा झटतच नसावा, म्हणून त्रास नाही. बाईक, जिना, क्रिकेट सगळं जमतं कारण सावली, आडोसा, लहानमोठेपणा यावरून अंदाज येतो. त्या कर्सरला सावली नसते, तिथे दोन चित्रांतल्या फरकाशिवाय आधार नाही. सेटिंग शोधत बसू नका, स्टिरिओप्सिसची, म्हणजे दोन डोळ्यांच्या चित्रांतून खोली कळते का याची, टेस्ट करून घ्या. पोलराइज्ड चष्मा लावून माशीचं चित्र दाखवतात आणि पंख चिमटीत धरायला सांगतात. हात थेट कागदाला टेकला की समजायचं, थ्रीडी दिसत नाही.

निसर्गोपचार:
म्हणजे व्यायामाने काहीच होत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

दृष्टीआड:
होतं, पण कशाने ते बघा. डोळे आत न वळण्याच्या तक्रारीवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला, त्यात क्लिनिकमधली थेरपी पेन्सिल नाकाजवळ आणत बघायच्या घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरली. ती वेगळी तक्रार. जुन्या तिरळेपणात मोठेपणी थ्रीडी दिसू लागल्याची उदाहरणं आहेत, सुझन बॅरी या अमेरिकन प्राध्यापिकेला ४८व्या वर्षी दिसायला लागलं. पण सगळ्यांना जमत नाही आणि सोमवारपर्यंत तर नाहीच. मनाने व्यायाम करू नका, दाबलेलं चित्र सुटलं आणि जुळलं नाही तर कायमचं डबल दिसायची भीती असते.

पेन्शनर_ठाणे:
आमच्या सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात एका डोळ्यात लांबची लेन्स घाला, दुसऱ्यात जवळची. घ्यावी का?

दृष्टीआड:
काका, त्यात चष्मा कमी लागतो पण बारीक पुढे-मागे अंतर थोडं कमी कळतं. सुईत दोरा ओवणं वगैरे बरंच करत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि वेगळा धागा काढा.

पेन्शनर_ठाणे:
धागा कसा काढतात?

रेघोट्या:
याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. सोमवारसाठी: डावं आणि उजवं चित्र शेजारी-शेजारी दोन खिडक्यांत लाव. छपराच्या कोपऱ्यावर डाव्यात कर्सर ठेव, मग उजव्यात बरोब्बर त्याच कोपऱ्यावर येईपर्यंत उंची वरखाली कर. दोन्हीकडे एकच बिंदू आला की उंची बरोबर, चष्म्याची गरजच नाही. खिडकीचे, भिंतीचे कोपरे निघतील. गवताळ माळावर काँटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढायला सांगितले तर मात्र मेलास, तिथे धरायला काही नसतं. आणि स्पीड येणार नाही, टार्गेटवाल्या कामात टिकणार नाहीस. टेस्टच्या आधीच टीम लीडला डोळ्यांचं सांग. ऑर्थोफोटोवरचं, म्हणजे नकाशासारख्या सरळ केलेल्या फोटोवरचं, टूडी काम असतं, लिडारचे, म्हणजे लेसरने मोजलेले, पॉइंट वर्गीकरण करायचं काम असतं, तिथे कोणी चष्मा लावत नाही.

सह्यकडा:
खिडक्यांचं करून बघतो. लिडारवाल्यांना पगार कमी असतो का?