पाच वर्षांच्या मुलाचे घोरणे आणि गरोदरपणात नव्याने सुरू झालेले घोरणे

प्रश्न:
माझा ५ वर्षांचा मुलगा गेले सहा महिने जवळजवळ रोज रात्री घोरतो. तोंड उघडे, मान मागे टाकलेली आणि उशी घामाने ओली असते. मध्येच घोरणे थांबते, छाती मात्र वरखाली होत राहते आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेऊन तो कूस बदलतो. बंद झालेले अंथरूण ओले करणेही पुन्हा सुरू झाले आहे. घरातील मंडळी म्हणतात, ‘पोर किती गाढ झोपते!’ मला स्वतःला सातवा महिना चालू असून पूर्वी कधीही न घोरणारी मी आता घोरू लागले आहे. हे दोन्ही डॉक्टरांना दाखवावे का?

प्रतिसाद १:
ताई, मुलाला नक्की दाखवा. छाती हलत असूनही घोरण्याचा आवाज थांबतो, तेव्हा बहुधा घशातली वाट बंद होऊन हवा आत जात नसते. या वयात त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड. प्रौढांमध्ये श्वासात तासाला ५ पेक्षा कमी अडथळे आले तर ते सामान्य धरतात, मुलांमध्ये मात्र तासाला एकाहून अधिक अडथळाही दखलपात्र ठरतो. अशी मुले दिवसा पेंगतीलच असे नाही. उलट ती चिडचिडी आणि चंचल होतात, त्यामुळे खोडकर म्हणून बोलणी खातात, याचे मला फार वाईट वाटते. झोपेतल्या श्वासाचा व्हिडिओ काढून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गरज वाटल्यास ते रात्रभराची स्लीप स्टडी (झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी) सुचवतील.

प्रतिसाद २:
स्वतःचे घोरणेही पुढच्या तपासणीत आवर्जून सांगा. गरोदरपणात नाकाचे अस्तर सुजते, वजन वाढते. त्यामुळे पुष्कळ जणी घोरू लागतात. तरीही नव्याने सुरू झालेल्या घोरण्याचा उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा गंभीर विकार) आणि गरोदरपणातील मधुमेह यांच्याशी संबंध आढळला आहे. कुशीवर झोपा आणि झोपेची गोळी मनाने घेऊ नका. अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) निघालाच, तर सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे) गरोदरपणातही सुरक्षितपणे वापरता येते.

प्रतिसाद ३:
माझ्या मुलीचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर घोरणे थांबले, तरी डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा तपासले, कारण काही मुलांमध्ये शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरतो.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची आभारी आहे. व्हिडिओ आज रात्रीच काढते, आणि माझी रक्तदाबाची तपासणी परवा आहे, तेव्हा घोरण्याचेही सांगते.