वहीतला धंदा मोबाइलमध्ये गेला तेव्हा तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

भांडीबाजारकर

दिवाळीची आवराआवर चाललीय. पोटमाळ्यावरून वडिलांच्या वेळचे रोजमेळ खाली काढले. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर श्री आणि हळदकुंकू. मुलगा म्हणाला, रद्दीत द्यायचे का? नाही दिले. पण तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे, म्हणून लिहितोय.

आमचं दुकान तांब्या-पितळेचं. हा सगळा वजनाचा धंदा. गिऱ्हाईक जुनी मोड (मोडीत द्यायची भांडी) घेऊन येतं, तिचं वजन करायचं, त्यातून घट वजा करायची. मोडीचा भाव वेगळा, नव्या मालाचा वेगळा, वर घडणावळ. आमचे दिवाणजी हा हिशोब तोंडी करायचे आणि मग कीर्दीत उतरवायचे. रात्री मेळ बसल्याशिवाय शटर ओढायचं नाही. चार आण्यांचा फरक निघाला तरी वडील सगळ्यांना थांबवायचे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दुकानात संगणक आला. आधी एकाच मशीनवर सगळं, बॅकअप पेन ड्राइव्हवर. लॉकडाउननंतर क्लाउडवरचं, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर घेतलं. आता लग्नाला बाहेरगावी असलो तरी आज किती किलो पितळ गेलं ते फोनवर दिसतं. सीएकडे फायलींचं गाठोडं न्यावं लागत नाही. कारखानदार नव्या घाटाच्या कळशीचा फोटो पाठवतो, मी तिथल्या तिथे हो-नाही सांगतो. फार सोय झाली, मनापासून सांगतो.

मात्र एक गोष्ट हरवली. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाकडे उधारी पोळ्यानंतरच मागायची, कोणाकडे मागायचीच नाही, हे वहीतही नव्हतं. ते दिवाणजींच्या डोक्यात होतं. ते घरी बसले आणि त्यातलं काहीच सॉफ्टवेअरमध्ये आलं नाही, कारण त्याला रकानाच नाही. आता यादीत नाव, रक्कम आणि दिवस. मुदत उलटली की ओळ लाल होते. आपोआप तगाद्याचा मेसेज जायची सोय आहे, ती आम्ही सुरूच केली नाही. ज्या घरात मयत झालंय तिथेही तो मेसेज जाईल. दुकानात नवीन लागलेल्या मुलाला मी रोज चार गिऱ्हाइकांची माहिती तोंडी सांगतो. माझ्या मते हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरइतकंच महत्त्वाचं आहे.

तुमच्या धंद्यात, नोकरीत, शेतात काय बदललं? चांगलं-वाईट दोन्ही येऊ द्या.

निफाडची लेक

आमच्याकडे कांदा. पूर्वी ट्रॅक्टर भरायचा, पहाटे लासलगावला लायनीत लावायचा आणि लिलाव होईल तो भाव घ्यायचा. माल परत आणणं परवडतच नाही. आता सकाळच्या सत्राचे किमान-कमाल-सरासरी भाव ग्रुपवर येतात. दादा कांद्याच्या चाळीत बसूनच ठरवतो, लासलगाव की पिंपळगाव.

पैशांचं म्हणाल तर नोटाबंदीआधी हिशोबपट्टी झाली की रोख हातात. नंतर चेक सुरू झाले आणि ते वटेपर्यंत जीव टांगणीला. आता खात्यावर येतात. आईला मेसेज वाचता येत नाही, पण त्या आवाजावरून कळतं तिला.

पण एक सांगते. भाव कळायला लागला म्हणून भाव वाढला नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती बातमी आमच्या आधी फोनवर पोचली, आणि बाजारात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माहिती लवकर मिळाली, कांदा तर चाळीतच होता. दूध उतू जातंय, बाकीचं नंतर.

सातपूर जॉबवर्क

निफाडच्या ताई, अगदी खरं. ते दिवस आठवले की अजून राग येतो.

आमचं टर्निंग-मिलिंगचं वर्कशॉप. पूर्वी कंपनीतून सोमवारी फोन यायचा, अमुक पार्ट इतके पाठवा. साहेब ओळखीचे. चलन हाताने लिहायचं, गाडी सोडायची. आता शेड्यूल पोर्टलवर. माल निघायच्या आधी पोर्टलवर नोंद टाकून बारकोड काढायचा, गेटवर तो स्कॅन झाला नाही तर गाडी बाहेर उभी. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस. सरकारी पोर्टलवरून बिलाचा नोंदणी नंबर (आयआरएन) मिळाल्याशिवाय बिलाला किंमत नाही. म्हणून दोन कंपन्यांचं इंटरनेट घेऊन ठेवलंय, एक बंद पडलं तर दुसरं.

फायदा मोठा आहे तो पैशांचा. पूर्वी "बिल साहेबांच्या टेबलावर आहे" हे ऐकत महिने जायचे. आता कुठल्या दिवशी कोणी मंजूर केलं ते दिसतं. मंजूर बिल ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) टाकलं की बँक थोडं व्याज कापून पैसे आधी देते. आमच्यासारख्या छोट्यांना हे कळायला उशीर लागतो. ज्यांचे ग्राहक तिथे नोंदलेले आहेत त्यांनी नक्की चौकशी करा.

मिसळ_काळा_रसा

मी वाचतोय फक्त. भांडीबाजारकर, तुमच्याकडे पितळी डबा मिळेल का, कडीचा, चार पुडांचा? आईला हवाय.

भांडीबाजारकर

@मिसळ_काळा_रसा मिळेल. कल्हई करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ताळेबंद ताई

मी घरून हिशोबाची कामं करते, नाशिकच्या इंदिरानगरला. लेक झाली तेव्हा ऑफिस सोडावं लागणार हे मी गृहीत धरलं होतं. सर म्हणाले, सगळं सर्व्हरवरच आहे, घरून कर. तिला मांडीवर घेऊन रिटर्न भरलेत. आज ती शाळेत जाते आणि माझं काम सुटलेलं नाही. क्लाउड म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला हेच आठवतं.

दुसरी बाजू पण लिहिते. पक्षकार बिलांचे फोटो रात्री अकराला पाठवतात. वाकडे, अर्धे कापलेले, एकावर तर पोह्याची बशी ठेवलेली. जीएसटीची दोन विवरणं, ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी. २० तारखेला दुपारी पोर्टल गोल-गोल फिरत बसतं आणि सगळे मलाच फोन करतात. कृपया बिलं वेळेवर देत जा हो सगळ्यांनी!

आणि हो, ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांना, १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे असा नियम आहे. आधीची एंट्री खोडून नवी टाकली तर कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. वहीत खाडाखोड दिसायची तसंच.

सातपूर जॉबवर्क

पोह्याची बशी 😂 ताई आमच्या अकाउंटंटला हा प्रतिसाद दाखवतो.

घाटातली गाडी

आमच्या ह्यांच्या दोन गाड्या आहेत, मुंबई-आग्रा रोडला चालतात. ऑफिस मी सांभाळते. लग्न झालं तेव्हा गाडी गेली की गेली. ढाब्यावरच्या एसटीडीवरून फोन आला तर आला. कसारा घाटात अपघाताची बातमी ऐकली की सासूबाई देवापुढे बसायच्या, फोन येईपर्यंत उठायच्या नाहीत. आता जीपीएसवर गाडी दिसते. घाटात मध्येच रेंज जाते, ठिपका थांबतो, तेवढा वेळ मी काहीच करू शकत नाही. पण घाट उतरला की ठिपका हलतो.

धंद्याचं म्हणाल तर पोच. माल उतरला की सही-शिक्क्याची पोच परत आल्याशिवाय भाड्याची बाकी मिळायची नाही. ती पोच यायला आठवडा. आता ड्रायव्हर फोटो टाकतो, बरेच व्यापारी त्यावरच पैसे सोडतात. काही अजून कागदच मागतात.

ई-वे बिलाची (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवता येते. हे कित्येक ड्रायव्हरांना माहीत नसतं. रात्री दोनला गजर लावून मुदत वाढवलीय मी. दुसऱ्या गाडीत माल भरला तर गाडीचा नंबर पण बदलून घ्यायचा, विसरू नका.

निफाडची लेक

घाटातली गाडी ताई, सासूबाईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमचे काका ड्रायव्हर होते.

घाटातली गाडी

❤️

द्राक्षबाग दिंडोरी

द्राक्षवाल्यांचं कोणी लिहिलं नाही अजून? युरोपला माल जायचा तर ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) प्लॉट नोंदवायचा, हे आमच्याकडे फार आधीपासून आहे. कुठल्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली त्याची नोंद, फळात औषधाचा अंश किती उरला याचा लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, पेटीवरचा नंबर. तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून इथल्या बागेपर्यंत माग काढता येतो. बाकीच्या धंद्यांत आत्ता जे येतंय ते द्राक्षानं आधी पाहिलंय.

आता बागेत हवामान केंद्र बसवलंय. पान किती वेळ ओलं राहिलं, आर्द्रता किती, त्यावरून डावणी रोगाचा इशारा फोनवर येतो. पूर्वी ढग आले की भीतीपोटी फवारा मारायचा. आता इशारा बघून थांबता येतं, औषध वाचतं. तरी बाबा पहाटे बागेत जाऊन पान उलटून बघतातच, आणि मी त्यांना अडवत नाही. सेन्सर एका कोपऱ्यात आहे. ओढ्याकडच्या ओळी जास्त दमट राहतात हे त्याला कळत नाही, बाबांना कळतं. भांडीबाजारकरांच्या दिवाणजींचं वाचलं तेव्हा हेच आठवलं. मी आता बाबांनी सांगितलेलं ओळीच्या नंबरासकट त्याच ॲपच्या टिपणात लिहून ठेवतो.

भांडीबाजारकर

@द्राक्षबाग, टिपणाची कल्पना फार आवडली. गिऱ्हाइकाच्या खात्यात 'शेरा' म्हणून जागा आहे, रिकामीच पडलीय. दिवाणजी पंचवटीत राहतात, दिवाळीत फराळाला बोलावतो आणि एकेक नाव काढून लिहून घेतो.

ताळेबंद ताई

लिहा, पण जपून. तो शेरा दुकानातल्या प्रत्येकाला दिसतो का ते आधी बघा. लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत.

भांडीबाजारकर

खरं आहे. फक्त मालकाच्या लॉगिनला दिसेल असं करता येतं का विचारतो.

अंजनेरी पायथा

माझ्या मावशीचं हनुमान जयंतीला रुईच्या माळा-नारळाचं दुकान असतं पायथ्याला. २०२५ ला १२ एप्रिलला जयंती, शनिवार, गर्दी म्हणजे विचारू नका. आणि त्याच दिवशी देशभर यूपीआय अडकलं. लोकांच्या खिशात रोख नाही. मावशीच्या स्पीकरमधून एरवी "प्राप्त झाले" ऐकू येतं, तो गप्प. तिने काय केलं, माळा देत राहिली. "देवाला जाताय, घेऊन जा, उतरताना द्या." संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी दिले, काहींनी दुसऱ्या दिवशी टाकले. एकाने जास्तच टाकले. आता ती सुटे पैसे वेगळ्या डब्यात ठेवतेच.

मिसळ_काळा_रसा

तुमच्या मावशीला नमस्कार सांगा. पुढच्या जयंतीला माळ तिच्याकडूनच.

येवला_हातमाग

पैठणी विणतो. व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाईक थेट मागावरची साडी बघतं. अमेरिकेतल्या एका ताईंनी पदराचा मोर बघून रंग बदलायला सांगितला, तेव्हा पदर सुरूच व्हायचा होता, म्हणून जमलं. पूर्वी आम्ही विणायचं आणि व्यापारी सांगेल तो भाव. आता निम्म्या साड्या तरी थेट जातात. दुसरीकडे नवी नक्षी टाकली की तिचा फोटो फिरतो आणि पॉवरलूमवर तसाच पदर दिसायला लागतो. त्यामुळे नवीन पदराचा पूर्ण फोटो टाकत नाही, कॉलवरच दाखवतो.

एक विचारायचं होतं. सगळे फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर, ऑर्डरी एका फोनमध्ये आहेत. फोन हरवला तर?

सर्व्हरवाला

येवलेकर, आजच करा. फोटो आणि संपर्क गूगल खात्यावर साठवायचं चालू करा. चॅटचा बॅकअप वेगळा असतो, तो सेटिंगमधून सुरू करावा लागतो. खात्याला दोन टप्प्यांचा पासवर्ड लावा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला तो माहीत असू द्या.

मी याच क्षेत्रात आहे म्हणून सगळ्यांनाच सांगतो. क्लाउड म्हणजे आपला हिशोब दुसऱ्याच्या संगणकावर. आपल्यापेक्षा ते लोक तो नीट सांभाळतात, आग-पूर-चोरीची काळजी घेतात. पण तेही बंद पडतं. १९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. म्हणून महिन्यातून एकदा सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून स्वतःजवळ ठेवा. सॉफ्टवेअर घेतानाच विचारा, वर्गणी बंद केली तर माझा डेटा मला कुठल्या स्वरूपात आणि किती दिवस मिळेल. याचं सरळ उत्तर देत नसतील तर घेऊ नका.

येवला_हातमाग

चॅटचा बॅकअप सापडला, सुरू केला. पासवर्ड बायकोला सांगितला. आभारी आहे.

सातपूर जॉबवर्क

सर्व्हरवाला, ते डेटा किती दिवस मिळेल हे विचारायला हवं हे कोणी सांगत नाही. आज आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकली.

निफाडची लेक

परत आले. विषयाला सोडून आहे, पण दिवाळीनंतर लासलगावचे लिलाव कधी सुरू होतायत? ग्रुपवर दोन वेगळ्या तारखा फिरतायत, दोन्हीखाली "पुढे पाठवा" लिहिलंय.

द्राक्षबाग दिंडोरी

ग्रुपवर भरवसा ठेवू नका. बाजार समितीच्या ऑफिसला फोन लावा, नाहीतर तुमच्या व्यापाऱ्याला विचारा.

निफाडची लेक

लावते. तारीख कळली की इथे टाकते, अजून कोणाला हवी असेल.