लिंड्सचा कृष्णमेघांचा कॅटलॉग सॉफ्टवेअरमध्ये टाकलाय, पण ढग भलत्याच जागी पडतायत

खारेगावकर

नमस्कार मंडळी. मे महिन्यात अमावास्येच्या आसपास माळशेजच्या बाजूला रात्र काढायचा बेत आहे, आम्ही ठाण्याहून चौघंजण निघणार, बरोबर आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण) आणि बायनॉक्युलर. यावेळी मेसिएच्या यादीतले गुच्छ-दीर्घिका वगैरे बाजूला ठेवून फक्त कृष्णमेघ, म्हणजे मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे काळे ढग, बघायचे असं ठरवलंय. त्याची तयारी म्हणून लॅपटॉपवर कार्ट्स दु सिएल हे आकाशनकाशाचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि आमच्या ग्रुपवर लिंड्सच्या कॅटलॉगची एक टेक्स्ट फाइल फिरतेय ती कॅटजेनने (त्याच्याच कॅटलॉग बनवायच्या टूलने) त्यात घातली. फाइल व्यवस्थित उघडते, नंबर दिसतात, सगळं दिसतं, पण जागा जुळत नाहीत. उदाहरण सांगतो. धनु राशीतला बी ८६ (बर्नार्डच्या यादीतला ८६ वा ढग) सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीत आहे आणि खाली डीएसएसचा (डिजिटाइज्ड स्काय सर्व्हेचा) फोटो लावला की त्याचं वर्तुळ बरोब्बर काळ्या डागावर बसतं. तोच ढग लिंड्सच्या यादीत एलडीएन (लिंड्स डार्क नेब्युला) ९३ आहे ना, तर त्याचं वर्तुळ पश्चिमेला चंद्रबिंबापेक्षाही जास्त अंतरावर जाऊन पडतं, आणि तिथं फोटोत नुसते तारेच तारे आहेत. बाकीचे ढगही असेच सरकलेत, पण सगळे सारखे सरकलेले नाहीत, म्हणून जास्तच गोंधळ होतोय.

दुसरं म्हणजे मॅग्निट्यूडची (तेजस्वितेच्या प्रतीची, आकडा मोठा तितकी वस्तू मंद) मर्यादा कमी केली की सगळ्यात गडद ढग आधी गायब होतात आणि फिकट तेवढे राहतात, हे उलटं का?

तिसरं, अठराशे लेबलं एकदम आली की नकाशा वाचताच येत नाही. यातले बघण्यासारखे कसे निवडायचे?

ताराराणी_ठाणे

तुमच्या फाइलचं माहीत नाही पण एक सुचवते, स्टेलेरियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बर्नार्ड आणि लिंड्स दोन्ही आधीपासून आहेत, वेगळं काही घालावं लागत नाही. एफ ४ दाबा, डीएसओचा (डीप स्काय ऑब्जेक्टचा) टॅब उघडा, तिथं कॅटलॉगनुसार फिल्टर आहे त्यात फक्त बी आणि एलडीएन ठेवा, आणि प्रकारानुसार फिल्टरमध्ये फक्त डार्क नेब्युला ठेवा. बाकी सगळ्या दीर्घिका आणि तारकागुच्छ निघून जातात आणि आकाश एकदम मोकळं होतं. लेबलं किती दाखवायची त्याचा स्लायडरही तिथंच आहे. सर्व्हेच्या टॅबमधून डीएसएस चालू केलं की खरा फोटो मागे येतो, मग ढग कुठं आहे ते डोळ्यांनीच कळतं. फक्त ते फोटो नेटवरून येतात आणि घाटात रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे घरीच स्क्रीनशॉट काढून प्रिंट करून न्या.

मूळ_नक्षत्र

खारेगावकर, तुमची फाइल १९५० ची आहे, पैजेवर सांगतो.

बेव्हर्ली लिंड्स यांचा कॅटलॉग १९६२ चा. पॅलोमार स्काय सर्व्हेच्या तांबड्या आणि निळ्या प्लेटांच्या प्रिंट्स बघून त्यांनी एकेक ढग नोंदवला, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) १९५० च्या विषुवाला, म्हणजे इक्विनॉक्सला, धरून दिले. आपली सगळी सॉफ्टवेअर २००० धरून चालतात. मधल्या ५० वर्षांत पृथ्वीच्या परांचनामुळे (अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरल्यामुळे) संपात, म्हणजे विषुवांश जिथून मोजतात तो बिंदू, सरकलाय, वर्षाला साधारण ५० विकला म्हणजे ५० वर्षांत जवळजवळ ४२ कला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश), आणि चंद्रबिंब असतं ३० कलांच्या आसपास. तुम्ही जे अंतर सांगताय ते हेच. बी ८६ चा २००० चा विषुवांश आहे १८ तास ३ मिनिटं, १९५० चा येतो साधारण १७ तास ५९ मिनिटं ५० सेकंद. आकडा लहान म्हणून वर्तुळ पश्चिमेला पडतं.

सगळे सारखे का सरकले नाहीत, तर परांचनाचा परिणाम आकाशात जागेनुसार बदलतो. धनु राशीत त्या ढगाला ३ मिनिटं ९ सेकंदांचा फरक पडतो, गरुडात श्रवणाजवळ गेलात तर २ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास, शिवाय तिथं क्रांतीतही ७ कलांचा फरक येतो जो धनूमध्ये जवळपास शून्य आहे. म्हणून एक्सेलमध्ये सगळ्या ओळींना तीन मिनिटं मिळवून टाकू असा विचार करू नका, एक जुळेल आणि दुसरा बिघडेल. कॅटजेनमध्ये इक्विनॉक्स काय भरलंय ते आधी बघा, तिथं १९५० टाकून कॅटलॉग परत बनवा. किंवा ही फिरती फाइल सोडूनच द्या आणि व्हिझिएर या खगोल कॅटलॉगांच्या साइटवरून ताजी उतरवून घ्या, कॅटलॉगचा नंबर सात, सात ए. तिथं टेबलच्या रूपात मागितलं की २००० चे रकाने ते स्वतः काढून देतात. मूळ कच्ची फाइल घेतली तर मात्र १९५० च मिळणार, हे लक्षात ठेवा.

आता मॅग्निट्यूडचं. कृष्णमेघाला मॅग्निट्यूड नसतेच, तो स्वतः प्रकाश देत नाही, मागच्या ताऱ्यांचा अडवतो. लिंड्सनी प्रत्येक ढगाला १ ते ६ असा अपारदर्शकतेचा अंक दिलाय, ६ म्हणजे सर्वात गडद. फाइल बनवणाऱ्याने तो अंक मॅग्निट्यूडच्या रकान्यात बसवलेला दिसतो. सॉफ्टवेअरला काय कळणार, ते ६ वाचतं आणि सहाव्या प्रतीची मंद वस्तू समजून आधी तीच काढून टाकतं. तो अंक वर्णनाच्या रकान्यात हलवा, मॅग्निट्यूड रिकामी ठेवा. आकाराचंही बघून घ्या, लिंड्सनी व्यास दिलेलाच नाही, क्षेत्रफळ दिलंय चौरस अंशांमध्ये. ०.०२ चौरस अंशांचा ढग गोल धरला तर व्यास येतो साडेनऊ कलांच्या जरा वर. क्षेत्रफळाला पायने भागायचं, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं आणि ६० ने गुणायचं. ते न करता ०.०२ तसंच व्यास म्हणून गेलं तर नकाशावर नुसते ठिपके दिसतील.

खारेगावकर

मूळ_नक्षत्र सर, मनापासून आभार. इक्विनॉक्स १९५० करून कॅटलॉग परत बनवला आणि एलडीएन ९३ चं वर्तुळ थेट काळ्या डागावर येऊन बसलं, एलडीएन ५७ सुद्धा बी ६८ वर बसला. क्षेत्रफळाचं सूत्र आज रात्री एक्सेलमध्ये घालतो. ताराराणी ताई, स्टेलेरियमचा फिल्टर पण लावून बघितला, खूपच मोकळं वाटतं. आता निवडीचं सांगा कोणीतरी. अपारदर्शकता ५ आणि ६ वालेच घेऊ का?

नेरूळ_डॉब

नको, असं अजिबात करू नका. नवीन माणूस यादीवरून ठरवायला गेला की इथंच अडकतो आणि मग कृष्णमेघ दिसतच नाहीत म्हणून सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तो अंक फोटोच्या प्लेटवरून दिलेला आहे, तुमच्या डोळ्याला मागे तारे किती आहेत ते महत्त्वाचं. काळी बाहुली काळ्या भिंतीवर टांगली तर कोणाला दिसणार? वृषभेत अपारदर्शकता ६ चे ढग आहेत, पण मागे तारे विरळ, आयपीसमध्ये काय संपलं आणि काय सुरू झालं तेच कळत नाही. उलट धनु राशीत, आकाशगंगेच्या सगळ्यात दाट भागावर एखादा छोटासा ढग असला तर तो डोळ्यात भरतो. म्हणून आधी तारे दाट कुठं ते ठरवा, मग तिथला ढग शोधा, आणि नंबर सगळ्यात शेवटी बघा.

लिंड्सचे नंबर गॅलेक्टिक रेखांशाच्या (आकाशगंगेच्या पट्ट्यावर मोजलेल्या रेखांशाच्या) क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे नंबरवरूनच अंदाज येतो. पहिले शंभरेक नंबर आकाशगंगेच्या केंद्राच्या आसपास, धनु आणि भुजंगधारीत. सोळाशेच्या आसपासचे मृगाकडे. सतराशे सत्तरच्या पुढे गेलात की फेरी पुरी करून परत वृश्चिक-भुजंगधारीकडे येता. बर्नार्डचे विषुवांशाच्या क्रमाने आहेत, त्यांची १९१९ ची पहिली यादी १८२ ढगांची, आणि उरलेले त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये आलेल्या ॲटलासमध्ये. माझं स्पष्ट मत असं की डोळ्यांनी बघायला बर्नार्डच पुरे. त्या माणसाने लिक आणि माउंट विल्सनवरून रुंद फोटो काढून त्यात जे ठळक दिसलं ते नोंदवलं, म्हणून त्यातले बरेच छोट्या दुर्बिणीलाही सापडतात. लिंड्स फोटोवाल्यांसाठी चालू ठेवा.

दोन्ही एकदम चालू ठेवले तर आणखी एक भानगड होते. पाइप नेब्युलाचा, म्हणजे भुजंगधारीतल्या पाइपच्या आकाराच्या मोठ्या कृष्णमेघाचा, दांडा बर्नार्डमध्ये ५९, ६५, ६६ आणि ६७ असे चार नंबर घेतो, लिंड्समध्ये तो एकटा १७७३ आहे. मृगात बरोबर उलट, बी ३३ म्हणजे ते घोड्याचं डोकं, जेमतेम ६ कलांचं, आणि ते ज्यात बसतं तो एलडीएन १६३० भलामोठा ढग. सॉफ्टवेअर बी ३३ म्हणजेच एलडीएन १६३० असं दाखवतं तेव्हा त्या १६३० च्या मध्यावर दुर्बीण लावलीत तर घोडा मिळणार नाही.

मेसाठी माझी निवड सांगतो. पाइप साध्या डोळ्यांनी, ज्येष्ठेच्या डावीकडे आणि मूळच्या वर, माळशेजवरून दक्षिणेला ४४ अंशांवर येतो म्हणजे धुरकट क्षितिजाच्या चांगला वर. मग बी ९२, एम २४ च्या ताऱ्यांच्या ढगाच्या कडेला, बायनॉक्युलरमध्येही छान. आणि तुमचा बी ८६ डॉबमध्ये, ८० ते १०० पट मोठं करून. आधी शेजारचा एनजीसी ६५२० हा छोटा तारकागुच्छ शोधा, तो हलकेच आयपीसच्या एका बाजूला सरकवा की दुसऱ्या बाजूला पाच कलांचा तुकडा कोणीतरी पुसून काढल्यासारखा रिकामा दिसतो, कडेला एक नारिंगी तारा असतो. सगळीकडे तांदूळ सांडल्यासारखे तारे आणि मधे एकही नाही. डोळा तिरका ठेवून दोनतीन मिनिटं बघत राहा, मग कडा सुद्धा नीट कळायला लागतात. मेच्या मध्याला धनु पहाटे तीनच्या सुमारास सर्वात वर असते, तेव्हा दोनपर्यंत झोप काढलीत तरी चालेल.

पावसाळ्यात आपल्याकडे हे सगळं बंदच. ऑक्टोबरमध्ये परत निघा, अंधार पडतो तेव्हा श्रवण जवळपास डोक्यावर असतो आणि त्याच्या शेजारी बी १४२ आणि १४३ मिळून झालेला ई बायनॉक्युलरने बघा. तोवर वांगणीला एखादी चाचणी झाली तर उत्तम, पण तिथं ई जमेल, बी ८६ साठी त्याहून काळोख लागतो.

ताराराणी_ठाणे

स्टेलेरियममध्ये एफ ४ मधून प्रकाश प्रदूषण वाढवून बघितलं तर नवी मुंबईच्या आकाशात आकाशगंगाच उरत नाही, पण ढगांची लेबलं तशीच राहतात. म्हणजे लेबल आहे म्हणून ढग दिसणारच असं धरून चालू नका, प्रदूषणाचा आकडा माळशेजसारखा ठेवूनच यादी करा.

खारेगावकर

नेरूळ_डॉब दादा, यादी उतरवून घेतली. एक शंका राहिली, त्रिशंकूजवळचा कोलसॅक हा मोठा कृष्णमेघ मेमध्ये आपल्याला दिसतो का? नकाशावर त्याचा बी नाही आणि एलडीएनही नाही.

मूळ_नक्षत्र

नसणारच. बर्नार्ड आणि लिंड्स दोघंही अमेरिकेतून बघत होते, लिंड्सची यादी उणे ३३ अंशांच्या आसपास संपते आणि कोलसॅक आहे उणे ६३ वर. कॅल्डवेलच्या यादीत तो ९९ आहे, स्टेलेरियममध्ये सी ९९ म्हणून शोधा. आपल्याकडून जास्तीत जास्त ८ अंश वर येतो, मेच्या मध्यात रात्री साडेनऊ-पावणेदहाला. माळशेजला दक्षिणेकडे डोंगर आडवा येत नाही अशी जागा आधी उजेडात बघून ठेवा, आणि तुमचं पहाटेचं काम उशिराचं असल्यामुळे हे जेवण झाल्याझाल्या उरकता येईल.