जिल्ह्यातल्या तीन कादंबऱ्या वाचल्या, पण लिहायला बसलं की नुसतं कथानक उतरतंय

विश्रामबागकर:
सांगलीतल्या आमच्या वाचकगटात यंदा जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकांच्या कादंबऱ्या घेतल्यात. ‘बनगरवाडी’, ‘फकिरा’, ‘ययाति’ लागोपाठ झाल्या. पहिली फार आवडली, दुसरी भडक वाटली, तिसरी लांबली. प्रतिक्रिया तीनशे शब्दांत द्यायचीय आणि कागदावर नुसती गोष्टच येतेय. कसं लिहावं?

माणदेशी:
आधी गोष्ट कोण सांगतंय ते बघा. ‘बनगरवाडी’त (1955) नव्यानं आलेला मास्तर सांगतो. त्याला दिसलं, त्याच्या कानावर आलं, तेवढंच आपल्याला कळतं. म्हणून माणसं सावकाश उलगडतात आणि दुष्काळात वाडी उठते तेव्हाही माडगूळकर गळा काढत नाहीत. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापलं सांगतात, त्यामुळं तेच प्रसंग फिरून येतात. दुसऱ्यांदा वाचताना माणसाबद्दल नवं काही कळलं का, हे तपासा. कळलं असा एक प्रसंग आणि नाही कळलं असा एक, दोन्ही समोरासमोर ठेवा, मग ‘लांबली’ या शब्दाला आधार मिळेल. कचाला स्वतःचं निवेदन नाही, तो या तिघांच्या नजरेतूनच दिसतो. म्हणून तो इतका सोज्वळ वाटतो का? यावरच एक परिच्छेद होईल.

वारणाकाठ:
‘भडक’ लिहून सोडू नका हो. अण्णा भाऊ शाहीर होते. ‘फकिरा’त पोवाड्याची चाल आहे: प्रसंग मोठा, संवाद ठसकेबाज, नायक पहाडासारखा. राणोजी जोगणी (जिच्यावर गावाचा जत्रेचा मान ठरतो ती) आणतो तो भाग मोठ्यानं वाचा, वाक्यं बोलण्यासाठी रचलीत हे लगेच कळेल. आणि हजेरीचे प्रसंग 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची (अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा) माहिती ठेवून वाचा, नाहीतर फकिराचा संताप उगाच वाटतो.

माणदेशी:
पोवाड्याची चाल मान्य, पण म्हणून सगळंच माफ नाही. काही ठिकाणी पात्र बोलायच्या आधीच लेखक त्याचा मोठेपणा सांगून टाकतो. तसं वाक्य सापडलं तर जसंच्या तसं उतरवा.

कृष्णामाई:
तीनशे शब्दांत तिन्ही बसणार नाहीत, एकच घ्या. कथानक 50 शब्दांत संपवा, शेवट सांगू नका. 180 शब्द दोन प्रसंगांना, उरलेले मताला. ‘ओघवती भाषा’, ‘जिवंत चित्रण’ असलं काही आलं की खोडा, ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतं. उताऱ्याखाली पानाबरोबर आवृत्तीही लिहा, नाहीतर गटातल्या दुसऱ्याच्या प्रतीत ते पान सापडत नाही.
आणि लागोपाठ वाचल्याचा परिणाम धरा. ‘बनगरवाडी’ लहानशी, तिच्यामागून ‘ययाति’ कुणालाही लांबच वाटेल. मत देण्याआधी तिची पहिली तीस पानं आठवड्यानं पुन्हा चाळा. ‘बनगरवाडी’च घेणार असाल तर पालेकरांचा 1995 चा सिनेमा लिहून झाल्यावर बघा.