सामूहिक प्रार्थनेत फोन दाराशीच जमा करून घ्यावेत का?

प्रश्न
आमच्या विद्यापीठात दर आठवड्याला विद्यार्थ्यांची प्रार्थना असते. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची व्यवस्था आम्ही काही मुली बघतो. पुस्तकं आता कुणी आणत नाही, पाठ फोनवरूनच म्हणतात. त्याला माझी हरकत नाही. एका मैत्रिणीची नजर खूप अधू आहे, छापील अक्षर तिला दिसतच नाही. फोनवर अक्षर मोठं करून ती सगळ्यांच्या सुरात म्हणते.

पण पाठ चालू असताना वरून मेसेजची पट्टी उतरते, अंगठा तिकडे वळतो आणि मग मन परत येत नाही. ओठ प्रार्थना म्हणतात, डोळे भलतंच वाचतात. त्याहून वाईट म्हणजे मौनाच्या वेळी एकाने समोरच्यांचा व्हिडिओ काढला. नवीनच येऊ लागलेली एक मुलगी तेव्हा रडत होती. ती पुन्हा आलीच नाही. मला हे फार लागलंय.

काही जण म्हणतात, फोन जमाच करा. मग मैत्रिणीने काय करायचं? आणि ज्याच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे त्याने?

उत्तर १
वाचणं आणि चित्रीकरण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच नियमात कोंबू नका. चित्रीकरणाला सरळ बंदी घाला. रडणाऱ्या माणसाची परवानगी तिथे कोण विचारणार?

२०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मिस्सावेळी (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) फोन उंचावून फोटो काढणाऱ्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. धर्मगुरू ‘अंतःकरणे उंच करा’ म्हणतात, ‘फोन उंच करा’ म्हणत नाहीत, असं ते म्हणाले. त्यांचा रोख सामान्य भाविकांबरोबर काही धर्मगुरू आणि बिशपांवरही होता. तेव्हा नियम आधी व्यवस्था बघणाऱ्यांनी पाळावा. कार्यक्रमाचे फोटो हवेत म्हणून तुमच्यातलंच कुणी फोन काढत असेल तर बाकीचे का ऐकतील?

उत्तर २
ताई, मी जुम्म्याच्या नमाजला जातो, म्हणून टोकण्याबद्दल सांगतो. खुतबा, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणंसुद्धा व्यर्थ बोलणं ठरतं, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. त्यामुळे कुणाचा फोन वाजला तरी त्या क्षणी आम्ही काही बोलत नाही. नंतर बाजूला घेऊन सांगतो. चारचौघांत खजील झालेला मुलगा फोन बंद करेल, पण पुढच्या वेळी येईलच असं नाही.

उत्तर ३
मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की फोनला हात न लावताही नुसत्या नोटिफिकेशनने लक्ष विचलित होतं आणि हातातल्या कामात चुका वाढतात. म्हणजे ‘मी मेसेज उघडला कुठे?’ हे उत्तर पुरेसं नाही. नुसता फोन जवळ असला तरी बुद्धीवर ताण येतो, असाही २०१७ चा एक अभ्यास आहे, पण नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम दर वेळी दिसला नाही. म्हणून जमा करण्यापेक्षा नोटिफिकेशन थांबवण्यावर माझा भर राहील. पाठ आधीच डाउनलोड करायला सांगा, म्हणजे एअरप्लेन मोडवरही वाचता येईल. ज्याला घरच्या फोनची वाट बघायची आहे, त्याने ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये तेवढा एकच नंबर मोकळा ठेवावा आणि दाराजवळ बसावं.

प्रश्नकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. फोन जमा करणार नाही. पाठाची फाइल आदल्या दिवशीच पाठवू. सुरुवातीला मिनिटभर थांबून सगळ्यांनी एकत्र एअरप्लेन मोड लावायचा, आधी आम्ही. चित्रीकरण पूर्ण बंद, आमचंही. थोड्या छापील प्रतीही ठेवीन, मोठ्या अक्षरातल्या.

त्या मुलाशी मी एकटीच बोलणार आहे. व्हिडिओ त्याने कुणाला पाठवला असेल तर तिथूनही काढायला लावायचा आहे. त्या मुलीला मात्र काय लिहावं ते सुचत नाही. ‘परत ये’ म्हणण्याआधी व्हिडिओचं काय झालं ते तिला सांगायला हवं ना?

उत्तर ३
हो, आधी तेच. आणि लगेच ये म्हणून आग्रह नको.