बर्लिनमधील इंटर्नशिप सत्र आणि आखेनची खोली

सर्वांना सविनय नमस्कार.

मी जर्मनीतील आखेन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत असून ऑक्टोबर ते मार्चअखेर असे सहा महिने बर्लिनमध्ये इंटर्नशिप करणार आहे. ती अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. दोन ठिकाणचे भाडे झेपणारे नसल्याने येथील खोली सोडण्याचा विचार आहे. कोणास अनुभव असल्यास कृपया कळवावे.

*

सस्नेह नमस्कार.

खोली सोडण्याची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जर्मनीत एका पत्त्यावर नोंदणी असताना दुसरीकडे सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते राहिल्यास तेथे वेगळी नोंदणी करावी लागत नाही. मात्र जुने घर सोडले, की नव्या घरात गेल्यापासून १४ दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, बंधनकारक ठरते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी पत्र लागते. मी विद्यार्थी असताना खोली सोडून बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात पोटभाड्याने राहिलो आणि असे पत्र मिळणार नाही, हे मला पैसे भरल्यानंतर सांगण्यात आले. बँकेची व विम्याची पत्रे जुन्याच पत्त्यावर जात राहिली, आणि कामापेक्षा खोलीचाच घोर अधिक लागला. त्यापेक्षा घरमालकाची लेखी परवानगी घेऊन आपली खोली तेवढ्या काळापुरती पोटभाड्याने द्यावी आणि टपालपेटीवरील आपले नाव तसेच ठेवावे.

इंटर्नशिप अनिवार्य असल्याचे विद्यापीठाचे पत्र जवळ असू द्यावे. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, त्यांत ती धरली जात नाही. पण किमान वेतनाचा कायदाही तिला लागू नसल्याने मानधनाचा आकडा करारातच पाहावा.

डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. तो एकटेपणा मला फार जड गेला. तेथील टेम्पेलहोफच्या विमानतळावरून २००८ मध्ये विमाने उडायची थांबली. आता त्या धावपट्टीवर कोणालाही चालता येते. मी दर रविवारी दुपारी, उजेड असेतोवर, तेथे चालत असे. आपणही जावे.

*

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपल्या पत्रानंतर चौकशी केली. माझा निवास परवाना जानेवारीत संपतो आणि पत्ता बदलला असता तर नूतनीकरणाचे प्रकरणही बर्लिनच्या कार्यालयाकडे गेले असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. परवानगीसाठी घरमालकांना आजच पत्र पाठवले आहे. मंडळातील कोणा विद्यार्थ्यास सहा महिन्यांसाठी आखेनमध्ये खोली हवी असल्यास कृपया कळवावे.